मुद्रणप्रतीतला मामा

'नवोदितांना प्रेमकादंबरीविषयी चार गोष्टी सांगा,' असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा मला पहिला संशय असा आला की दुसऱ्या कोणाचा तरी लेख आयत्या वेळी गळाला असणार. इतकी वर्षं यांना माझी आठवण नव्हती. दुसरा संशय असा की 'प्रेमकादंबरी' हा शब्द लिहिताना ते गालातल्या गालात हसले असणार. हसू देत. मी सत्तावीस कादंबऱ्या लिहिल्या, वाचनालयांतून त्या शिवण उसवेपर्यंत वाचल्या गेल्या, आणि मला भेटलेल्या एकाही माणसाने आपण त्या वाचल्याचं कबूल केलेलं नाही. प्रत्येकाच्या वहिनीने वाचलेल्या असतात.

मी स्वभावानेच संशयी आहे. दूधवाल्याने माप भरून घातलं तरी मी विचारते, आज काय विशेष? आमचे हे म्हणायचे, 'तुझ्या दारात देव आला तरी तू त्याला कोणाकडून आलात म्हणून विचारशील.' पण माझा धंदा चालला तो याच स्वभावावर. दोन माणसांचं एकमेकांवर प्रेम बसलं हे लिहायला अर्धं पान पुरतं. सोळा पानांचा एक फॉर्म, असे दहा फॉर्म भरायचे असतात, आणि बाकीची सगळी पानं संशयावर चालवावी लागतात. पुण्याच्या माझ्या प्रकाशकांनी हे गणित पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पहिल्या फॉर्मात नायक दिसला पाहिजे, तिसऱ्यात संशयाची ठिणगी, नवव्यात उलगडा आणि दहाव्यात लग्न. मधे कोणी गायलं, रडलं, आजारी पडलं तर त्यांची हरकत नसे.

तेव्हा नव्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की प्रेम काय कोणीही लिहील, संशय नीट लिहायला शिका. संशयाला हातात धरायला काहीतरी वस्तू लागते. अर्धवट जळालेलं पाकीट, परक्या माणसाची छत्री, उंबऱ्याशी सांडलेली दोन फुलं. नुसतं 'तिच्या मनात पाल चुकचुकली' लिहिलं की वाचक पान उलटतो.

आता जे सांगणार आहे ते मात्र सल्ला म्हणून नाही. ते कित्येक वर्षं सांगायचं टाळलं.

लग्नानंतर चार वर्षांनी यांची रेल्वेच्या कचेरीत मद्रासला बदली झाली. पन्नासचं दशक संपत आलं होतं. नुंगंबाक्कमला एका घराचा वरचा मजला आम्हाला भाड्याने मिळाला, तिकडे त्याला 'पोर्शन' म्हणतात. खाली घरमालक रामचंद्रराव, त्यांची बायको आणि मुलगी पद्मा. तंजावरकडचं जुनं मराठी घराणं. पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेले. त्यांचं मराठी जुन्या बखरीतलं, त्याला सूर तमिळचा, आणि कोंकण, देश, घाट त्यांनी नकाशातच पाहिलेले. आम्ही सरळ महाराष्ट्रातून आलो याचं त्यांना इतकं अप्रूप, की पहिले दोन महिने मला वाटे, यांना आमच्याकडून काहीतरी हवं आहे. त्यांना खरोखरच काही नको होतं. हे समजायला मला फार वेळ लागला.

माझं अक्षर वाईट. पुण्याच्या कंपोझिटरने एकदा प्रकाशकांमार्फत निरोप धाडला होता, की बाईंनी कागदावर कोंबडी सोडली तरी चालेल, पण शाई तरी गडद वापरावी. मद्रासहून पाठवलेल्या कादंबरीचं शंकानिरसन टपालाने करण्यात आठवडे जायला लागले, तेव्हा मी पद्माला मुद्रणप्रत करायला सांगितलं. मुद्रणप्रत म्हणजे छापखान्यासाठी केलेली स्वच्छ नक्कल; कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे चार बोटं जागा सोडून. पद्मा एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली. घरात मराठी बोलायची, हिशेब आणि पत्रं तमिळमध्ये, पण हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे तिचं बाळबोध अक्षर छापल्यासारखं होतं. रोज दुपारी दोनला ती वर यायची. खाली रस्त्यावर उन्हाने चिटपाखरू नसे. मी पाटावर वही ठेवून पुढचं लिहीत असे, ती खिडकीशी बसून मागचं उतरवीत असे.

मधेच विचारायची, "अक्का, ही नायिका इतकी रडते कशाला? तोंड उघडून एकदा विचारली तर होत नाही की?"

"विचारलं तर कादंबरी तिसऱ्या फॉर्मात संपेल."

"सरी," म्हणजे बरं, म्हणायची आणि पुढे लिहायला लागायची.

शनिवारी तिचा मामा यायचा. सेतुमाधवराव, सगळे सेतू म्हणत. पद्माच्या आईचा सगळ्यांत धाकटा भाऊ, सत्तावीस-अठ्ठावीसचा, शहराबाहेर संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला. जाड काड्यांचा चष्मा, हलका आवाज, मान किंचित डावीकडे झुकवून चालायची सवय. येताना मोगऱ्याची फुलं आणून बहिणीच्या हातात द्यायचा. पद्मा ओसरीवर आली की हा उठून आत. ती वाचनालयात निघाली की हा मागे दहा पावलांवर. तिच्याशी बोलताना मी त्याला कधी पाहिलं नाही, पण ती कुठे आहे हे त्याला माहीत नाही असंही कधी पाहिलं नाही. मी मनाशी म्हटलं, हा पहारेकरी आहे.

आणि ज्याच्यापासून पहारा करायचा तो कोण, हेही मी ठरवून टाकलं. दिवाकर म्हणून साताऱ्याकडचा एक मुलगा बँकेत लागला होता. एकटा राहायचा, रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. हसरा, सरळ, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर लाजणारा. जिन्यात त्याची आणि पद्माची चार-पाच वेळा गाठ पडली होती. तिने पदर सावरला, त्याने वाट दिली. एवढं मला पुरलं. त्यात एका शनिवारी सेतूने मला जिन्याच्या पायथ्याशी गाठलं.

"अक्का, एक विचारू का? तो बँकवाला तुमच्याकडे जेवायला येतो, तेव्हा पद्मा वर असते की?"

"असली तर?"

"काही नाही. सहज विचारलो." आणि चष्मा पुसत निघून गेला.

झालं, मला पुढची कादंबरी मिळाली. पोरक्या भाचीला धाकात ठेवणारा, तिची पत्रं फाडणारा मामा, आणि बँकेतला उमदा नायक. माणसं शेजारपाजारची उचलायला हरकत नाही, पण निदान चष्मा तरी बदलावा. मी बदलला नव्हता. डावीकडे झुकलेली मानसुद्धा तशीच ठेवली होती, आणि ही कादंबरी उतरवायला मी पद्मालाच बसवलं होतं. मनात असंही होतं, की पोरीला वाचून धीर येईल.

चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे फॉर्म टपालात टाकण्याआधी सहज चाळले. सहज म्हणजे माझ्या रीतीने, ओळ अन् ओळ ताडून. चौथ्यात मी लिहिलं होतं, मामाचे डोळे मांजरासारखे घारे होते. मुद्रणप्रतीत होतं, मामाचे डोळे शांत होते. मी लिहिलं होतं, मामाने पत्राचे तुकडे केले. प्रतीत मामाने पत्र न वाचता मेजावर ठेवलं होतं. पद्मा एक काना चुकवणारी मुलगी नव्हती. पाचवा फॉर्म पाहिला. मामाने भाचीवर हात उगारला होता तो परिच्छेदच नाही. आठव्यात मी मामाला मोटारीखाली घातला होता, आणि प्रतीत त्याचा नुसता पाय मुरगळला होता.

आता कोणाही शहाण्या माणसाने पद्मालाच विचारलं असतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, हे त्या सेतूचं काम. तो शनिवारी येऊन ही पानं वाचतो आणि तिच्याकडून बदलून घेतो. छापलेल्या मामाचीसुद्धा ज्याला इतकी धास्ती, त्याच्या मनात काय असेल! यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू जरा उन्हातून आली आहेस का?" मी यांचंही ऐकलं नाही.

मग मी पाठोपाठ दोन कामं केली. दिवाकरला जेवताना सांगितलं, "खालच्या पद्माचं मन तुझ्याकडे आहे, तुला दिसत कसं नाही?" त्याच्या हातातला घास हातातच राहिला. तोवर त्याच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं होतं. माझ्या सांगण्यानंतर ते आलं. पुढच्या रविवारी तो नवा शर्ट घालून आला आणि जिन्यात उगाच दोनदा थांबला. त्याने घरी लिहिलं, साताऱ्याहून होकाराचं पत्र आलं, आणि मी ते घेऊन खाली रामचंद्ररावांकडे गेले.

"स्थळ चांगलं आहे," मी म्हटलं. "आणि मुलीचंही मन तिकडे आहे. मला माहीत आहे."

रामचंद्ररावांनी ते पत्र दोनदा वाचलं. "आमच्या घरची मुलगी देशी, महाराष्ट्रात जायची," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला फार बरं वाटलं. निघताना ते एवढंच पुटपुटले, "सेतूस सांगितलं पाहिजे." मी समजले, पहारेकऱ्याला सुट्टी मिळाली.

पुढचे दोन शनिवार सेतू आला नाही. पंधरा दिवसांनी साताऱ्याची माणसं यायची होती, तांबूल देऊन लग्न पक्कं करायला. पद्मा रोज दोनला येत राहिली, पण प्रश्न विचारेनाशी झाली. मग एका दुपारी तिने दहावा फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि गेली नाही, उभीच राहिली. मी वाचायला घेतला. माझ्या कादंबरीत नायिका बँकेतल्या नायकाच्या गळ्यात माळ घालत होती. प्रतीत ती भर मांडवातून उठून सगळ्यांसमोर म्हणत होती, मला मामाशीच लग्न करायचं आहे.

मी ते पान पुन्हा वाचलं. "हे काय लिहिलंस? मामाशी?"

"मग कोणाशी?" तिने इतक्या साधेपणाने विचारलं की मला तिच्याकडे बघवेना. "धाकटा मामा आहे. मुरै आहे त्याचा. माझ्या आईचंही तसंच झालं. मी आठ वर्षांची होते, तेव्हापासून सगळ्यांस ठाऊक आहे."

मुरै म्हणजे त्यांच्याकडे हक्काचं नातं. भाचीवर पहिला हक्क धाकट्या मामाचा, ही तिथली रीत, आणि तमिळ मुलखात राहून या मराठी घरांनीही ती घेतलेली. आमच्याकडे नुसत्या विचारानेही कानावर हात जातील, म्हणून मला ते सुचलंच नव्हतं. आणि त्यांच्यात ते इतकं ठरलेलं, की मला सांगण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनात आलं नाही. ठरलेल्या मुलीशी लग्नाआधी बोलायचं नाही, म्हणून तो उठून आत जायचा. रस्त्यात तिला कोणी काही बोलू नये, म्हणून दहा पावलं मागे चालायचा. मी दोन वर्षं त्यांच्या डोक्यावर राहत होते, आणि माझ्या नाकाखाली चाललेलं एकुलतं एक खरं प्रेम मला ओळखता आलं नव्हतं.

"ती पानं सेतूने बदलायला लावली ना?"

"अय्यो, अक्का! त्याने तुमची एक ओळ वाचली नाही. त्यास तुम्ही मोटारीखाली घातलात, तो मी कसा उतरवू?" आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती रडली. "अप्पांनी त्यास सांगितलं, मुलीचं मन दुसरीकडे आहे म्हणून. तो म्हणाला, मग मी आड येत नाही. मजला कोणी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणून विचारलं नाही."

"तू सांग ना अप्पांना."

"मी बोलले तर अप्पा पहिल्यांदा त्यासच धरतील, तू तिच्याशी लपून काय बोललास म्हणून. माझं नाव घेऊ नका, अक्का. पण थांबवा."

मी तशीच उठून खाली गेले. रामचंद्ररावांनी खुर्ची दिली. मी म्हटलं, "रामचंद्रराव, माझी चूक झाली. पद्माचं मन दिवाकरकडे नाही. मी उगाच समज करून घेतला. सेतूशीच होऊ द्या."

तेही समोर बसले. "बाई, तुम्ही सांगितलात, म्हणून मी सेतूस नको म्हणून सांगितलो."

"मला मुलीचं मन कळलं नव्हतं. मला त्यातलं काही कळत नाही."

आयुष्यात इतकं खरं मी दुसऱ्यांदा बोलले नाही. ते हसले. "इतकी पुस्तकं लिहिणाऱ्या बाईस कळत नाही, म्हणजे कोणास कळायचं?" मग हसणं गेलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मला ओळखीची होती, रोज माझ्याच कपाळाला असते. "मुलात काही खोट निघाली की?"

"नाही. मुलगा चांगला आहे."

"चांगला आहे, तर तुम्हीच आणिलेलं स्थळ तुम्हीच माघारी कशाला नेता? मजला खरं सांगा. त्याचं काही वाईट आहे की? घरात काही रोग आहे की?"

मी 'नाही हो' म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

नायकाविषयी शंका यावी असं वाटत असेल, तर सांगणाऱ्या बाईला बोलू देऊ नये, तिला नुसतं खाली बघायला लावावं. ही युक्ती मी सात-आठ पुस्तकांत वापरली होती आणि एकदाही फसली नव्हती. मी खाली बघितलं. फरशीवर एक मुंगी साखरेचा कण ओढत होती, तिच्याकडे बघत राहिले.

"सरी," रामचंद्रराव हलकेच म्हणाले. "समजलं. तुमच्या तोंडून नको."

साताऱ्याला नम्र नकार गेला. पुढच्याच शनिवारी सेतू आला, मोगरा घेऊन, मान डावीकडे झुकवून. दोन महिन्यांत लग्न झालं. मी मांडवात होते, पोटभर जेवले, आणि पद्माने पाया पडताना माझा हात असा दाबला की मला रडू आलं. कादंबरीचा दहावा फॉर्म मी माझ्या कोंबडीच्या अक्षरात स्वतःच पुन्हा लिहून पाठवला, कारण मामाशी लागलेलं लग्न पुण्यात कोणी छापलं नसतं. मामाचा पाय मात्र मुरगळलेलाच ठेवला. प्रकाशकांनी विचारलं, खलनायक जिवंत कसा? मी त्यांना पुढच्या कादंबरीचा पहिला फॉर्म पाठवला.

इथे थांबले तर माझी अब्रू राहते. पण नव्यांना सांगायला बसले आहे तर तेवढ्यावर थांबता येत नाही.

मद्रासमधली मराठी घरं तेव्हा मोजकी. गणपतीत सगळी एकत्र यायची. रामचंद्ररावांनी कोणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही, ते तसे नव्हतेच. पण ठरत आलेलं लग्न मोडून मुलगी घाईने मामाला दिली, कारण कळलं नाही, आणि मुलीकडचे चांगल्या घरचे, एवढ्यावर लोकांनी बाकीचं जुळवून घेतलं. मुलात काहीतरी आहे. काय आहे ते कोणाला सांगता येईना, त्यामुळे ज्याला जे सुचलं ते त्याने धरलं. त्या वर्षी दिवाकरसाठी दोन ठिकाणी बोलणं निघालं आणि दोन्हीकडून काही न सांगता मागे घेतलं गेलं. तो रविवारी येईनासा झाला. मी बोलावलंही नाही.

वर्षभराने त्याने बदली मागून घेतली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आला. आत ये म्हटलं तर आला नाही, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिला. वाळला होता. जरा वेळ चपलेशी चाळा करून म्हणाला, "वहिनी, एकच विचारायचं होतं. त्यांना माझ्यात काय खोट दिसली? सांगितलं तर मी सुधारेन."

मी म्हटलं, "अरे, तसं काही नाही. पत्रिका जुळली नाही."

"पत्रिका तर कोणी मागितलीच नव्हती," तो म्हणाला.

हजारो पानं संवाद लिहिणारी मी, दारात उभी राहून कडीला हात लावत होते. त्याने नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. पुढे तो कुठे गेला, त्याचं लग्न झालं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची मला भीती वाटत होती.

दिवाकर, तुझ्यात काहीही खोट नव्हती. सुधारण्यासारखं काही नव्हतं. एका माणसाने तुझ्याविषयी मला विचारलं आणि मी गप्प बसले, एवढंच घडलं. हे मी त्या जिन्यातच सांगायला हवं होतं. आता सांगते आहे, पण सांगणारी मी आहे, तेव्हा तू यावर विश्वास ठेवशील असं मला वाटत नाही.